खरा वाटणारा ग्रह संगणकावर कसा घडवावा : आधी प्रकाश, मग पोत

फोटोशॉपसारख्या प्रणालीत ग्रह तयार करताना एक चूक पुन्हा पुन्हा होते आणि ती कामाच्या क्रमाची असते. वर्तुळ काढले जाते, त्यात गंजाचा किंवा दगडाचा फोटो भरून तो फुगवला जातो, भोवती निळी आभा दिली जाते, आणि उजेड कोणत्या बाजूने येतो हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. तोपर्यंत फोटोतल्या सावल्या एका दिशेला, ढगांच्या दुसऱ्या दिशेला आणि आभा चहूबाजूंनी सारखी, असा घोळ झालेला असतो. असा ग्रह रंगवलेल्या चेंडूसारखा दिसतो, आणि पोत बदलून किंवा रंग वाढवून तो सुधारत नाही. म्हणून या लेखातील कृती प्रकाशापासून सुरू होते आणि जवळपास प्रत्येक टप्प्यावर प्रकाशाकडेच परत येते.

कृती फोटोशॉप समोर ठेवून लिहिली आहे. गिंप या दुसऱ्या चित्रप्रणालीत जिथे वेगळे करावे लागते, तिथे तसे सांगितले आहे. जुन्या मार्गदर्शक लेखांमध्ये फोटोशॉपचा थ्रीडी मेनू वापरायला सांगितलेले असते, पण त्या सुविधा काढून टाकण्यास २०२१ मध्ये सुरुवात झाली असल्याने येथे त्यांचा आधार घेतलेला नाही.

टप्पा १ : संगणक सुरू करण्यापूर्वी घ्यायचे तीन निर्णय

पहिला निर्णय प्रकाशाच्या कोनाचा. ग्रहाच्या केंद्रापासून एक रेषा सूर्याकडे आणि दुसरी रेषा पाहणाऱ्याकडे काढली, तर त्या दोन रेषांमध्ये जो कोन होतो, तो आधी आकड्यात ठरवावा. कोन ० अंश असेल तर पूर्ण थाळी उजळते, ९० अंशांना बरोबर अर्धी, आणि त्यापुढे कोर दिसू लागते. अपोलो १७ मधून ७ डिसेंबर १९७२ रोजी घेतलेल्या पृथ्वीच्या प्रसिद्ध छायाचित्रात सूर्य अंतराळवीरांच्या जवळपास पाठीमागे होता, त्यामुळे पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसते. ते छायाचित्र सुंदर आहेच, पण पहिल्या ग्रहासाठी तो कोन निवडू नये, कारण समोरून पडलेल्या उजेडात गोलाई सर्वांत कमी जाणवते. या लेखात ६० अंश धरले असून प्रकाश डावीकडून येतो असे मानले आहे.

दुसरा निर्णय ग्रहाला हवा आहे की नाही, हा. चंद्र किंवा बुध यांच्यासारख्या, वातावरण जवळजवळ नसलेल्या गोलाला आभा नसते, ढग नसतात, आणि त्याची दिवस-रात्रीची सीमारेषा बरीच स्पष्ट असते. हवा असलेल्या ग्रहाची सीमारेषा मऊ असते आणि कड किंचित धूसर दिसते.

तिसरा निर्णय प्रमाणाचा, आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत. ग्रहाची त्रिज्या १,००० पिक्सेल ठेवली आणि तो पृथ्वीएवढा मानला, तर पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्याने एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६.४ किलोमीटर. या हिशेबाने ८,८४९ मीटर उंचीचे एव्हरेस्ट दीड पिक्सेलही भरत नाही. ढगांचा बहुतेक पसारा कडेवर दोन पिक्सेलांत मावतो. अवकाशाची सुरुवात जिथून मानली जाते ती १०० किलोमीटरची उंची १६ पिक्सेलांत संपते. हे तीन आकडे कागदावर लिहून पडद्याशेजारी ठेवावेत, कारण पुढे हात सैल सुटायला लागला की तेच आवर घालतात.

टप्पा २ : फाइलची मांडणी

३,००० × ३,००० पिक्सेलांचा कॅनव्हास घ्यावा. उभी आणि आडवी गाइड (मदतरेषा) १,५०० पिक्सेलांवर ठेवून केंद्र पक्के करावे. ग्रहाचा व्यास २,००० पिक्सेल राहील. पोत आठ बिटमध्ये, म्हणजे रंगछटांच्या कमी पायऱ्यांत, तयार केला तरी चालतो, आणि काही फिल्टर सोळा बिटमध्ये उपलब्धही नसतात; परंतु छाया आणि वातावरण यांचे काम सुरू करण्यापूर्वी फाइल सोळा बिटमध्ये आणावी. काळ्याकडे हळूहळू उतरणाऱ्या छटांमध्ये आठ बिटवर पट्टे पडतात, आणि ते पट्टे नंतर पुसता येत नाहीत.

लेयरचा (चित्राच्या एकावर एक थरांचा) क्रम खालून वर असा ठेवावा: आकाश, बाहेरची आभा, पृष्ठभाग, समुद्राची चमक, ढगांची सावली, ढग, आतली धूसरता, दिवस-रात्रीची छाया, आणि सर्वांत वर दाणेदारपणा. छाया ढगांच्या आणि धूसरतेच्या वर असते हे विशेष लक्षात ठेवावे. ढग छायेच्या वर गेले की ते रात्रीच्या बाजूला स्वयंप्रकाशी असल्यासारखे चमकतात.

टप्पा ३ : पोत तयार करणे

गंजलेला पत्रा, उखडलेला गिलावा, सुकलेला चिखल, दगडाची घासलेली लादी हे सगळे पोतासाठी उपयोगी पडते, पण फोटो ढगाळ दिवशी किंवा सावलीत काढलेला असावा. मी एकदा गंजलेल्या दाराचा अतिशय देखणा फोटो वापरला होता. त्यावर उजवीकडून ऊन पडलेले होते, आणि रंगाच्या प्रत्येक उचललेल्या पापुद्र्याची बारीक सावली डावीकडे पडली होती. माझ्या ग्रहाचा सूर्य डावीकडे होता. दोन दिवस छाया सुधारण्यात घालवल्यावर मला ते पापुद्रे दिसले. प्रत्येक पापुद्रा ग्रहाच्या सूर्याविरुद्ध साक्ष देत होता. फोटो आडवा उलटवला आणि तो दोष नाहीसा झाला.

फोटोतील ओळखू येणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे खिळा, सांधा, सरळ भेग, क्लोन स्टॅम्पने काढून टाकावी. त्यानंतर एकच फोटो न वापरता दोन-तीन फोटो वेगवेगळ्या प्रमाणात एकमेकांवर ठेवावेत: एक मोठ्या आकारांसाठी, एक मध्यम आणि एक अगदी बारीक तपशिलासाठी. ग्रह लहान आणि खेळण्यासारखा दिसण्याचे मोठे कारण म्हणजे त्यावरचे सर्वांत बारीक तपशीलही फार मोठे असतात.

समुद्र हवे असतील तर क्लाउड्स फिल्टरचा करडा नमुना घेऊन त्यावर थ्रेशोल्ड लावावा. पांढरा भाग जमीन आणि काळा भाग पाणी ठरेल. किनारे फार गुळगुळीत वाटले तर थ्रेशोल्डपूर्वी त्याच नमुन्यात बारीक पोत मिसळावा. हा काळा-पांढरा नकाशा स्वतंत्र लेयर म्हणून जपून ठेवावा, कारण चमक देताना तो पुन्हा लागणार आहे.

सावधान: पोताला बेव्हल किंवा एम्बॉस देऊन उठाव आणण्याचा मोह टाळावा. एव्हरेस्टचा दीड पिक्सेल आठवावा. एम्बॉस दिलेच तर त्याची दिशा ठरवलेल्या सूर्याशी जुळवावी आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) १५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी.

टप्पा ४ : सपाट पोत गोलावर चढवणे

स्फेराइज फिल्टर मधला भाग सुमारे दीडपट फुगवतो. म्हणून २,००० पिक्सेलांच्या ग्रहासाठी पोत ३,२०० × ३,२०० पिक्सेलांच्या वेगळ्या फाइलमध्ये तयार करावा, तिथेच गोल करावा आणि मग लहान करून मुख्य फाइलमध्ये आणावा. थेट २,००० पिक्सेलांवर काम केल्यास ग्रहाचा मध्य, म्हणजे नजर जिथे प्रथम जाते तोच भाग, पुसट होतो.

त्या फाइलमध्ये संपूर्ण चौकोनाला टेकणारे अचूक वर्तुळ निवडावे, फेदर (निवडीच्या कडेचा मऊपणा) शून्य ठेवावा आणि स्फेराइज १०० टक्के लावावा. निवड तशीच ठेवून नव्या लेयरवर कॉपी करावे. जमीन-पाण्याच्या नकाशावरही हीच क्रिया, त्याच निवडीने करावी, नाहीतर किनारे आणि चमक जुळणार नाहीत.

गिंपमध्ये यासाठी मॅप ऑब्जेक्ट हा फिल्टर अधिक योग्य आहे. त्यात गोल हा आकार निवडावा आणि २ : १ प्रमाणातला नकाशा द्यावा. त्या फिल्टरमध्ये स्वतःचा प्रकाश असतो. तो बंद करावा. तो चालू राहिला की पुढे आपण देणारी छाया आणि त्याची छाया अशा दोन छाया ग्रहावर बसतात. २ : १ नकाशात ध्रुवांजवळ पोत एका बिंदूत गोळा होतो, म्हणून ध्रुव थेट समोर येतील असा कोन घेऊ नये.

तपासणी: केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ८७ टक्के अंतरावर, म्हणजे १,००० पैकी ८७० पिक्सेलांवर, असलेले एखादे गोल विवर पाहावे. तिथे गोलाचा पृष्ठभाग आपल्यापासून ६० अंश वळलेला असतो, त्यामुळे विवराची केंद्राकडून कडेकडे जाणारी रुंदी त्याच्या दुसऱ्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास दिसली पाहिजे. कडेजवळही विवरे गोलच दिसत असतील, तर पोत गोलावर बसलेला नाही, नुसता गोल कापलेला आहे.

गुरूसारखा वायुग्रह करत असल्यास आणखी एक गोष्ट आहे. गुरूचा विषुववृत्तावरील व्यास १,४२,९८४ किलोमीटर आणि ध्रुवांमधला १,३३,७०८ किलोमीटर आहे, म्हणजे २,००० पिक्सेल रुंदीला उंची सुमारे १,८७० भरते. हा चपटेपणा डोळ्यांना जाणवतो, म्हणून सगळे लेयर पूर्ण झाल्यावर त्यांचा गट तेवढा दाबावा. पृथ्वीच्या बाबतीत फरक फक्त सात पिक्सेलांचा आहे. तो सोडून द्यावा.

टप्पा ५ : दिवस आणि रात्र

या टप्प्यावर घाई करू नये. सर्वांत प्रचलित पद्धत अशी: ग्रहाएवढेच काळे वर्तुळ घ्यायचे, ते उजवीकडे सरकवायचे आणि ब्लर करायचे. ही पद्धत चुकीची आहे, आणि चूक कुठे आहे ते कोरीच्या टोकांकडे पाहिल्यावर कळते. खऱ्या ग्रहावर कोर कितीही बारीक असली तरी तिची दोन टोके थाळीच्या बरोबर समोरासमोर, एकाच व्यासाच्या दोन अंतांवर असतात. दोन सारखी वर्तुळे एकमेकांवरून सरकवली की टोके त्या व्यासाच्या पलीकडे जातात आणि कोर थाळीला कवेत घेतल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

खरी सीमारेषा ही अर्धी लंबवर्तुळाकार असते. तिची उंची ग्रहाच्या व्यासाएवढी आणि अर्धी रुंदी ही त्रिज्या गुणिले कोनाची कोज्या. ६० अंशांची कोज्या ०.५ असल्याने आपल्या ग्रहासाठी लंबवर्तुळ १,००० पिक्सेल रुंद आणि २,००० पिक्सेल उंच येते. ते असे बांधावे:

१. «छाया» नावाचा गट करून त्याला ग्रहाच्या वर्तुळाचा मास्क (तेवढाच भाग दिसू देणारे झाकण) द्यावा.

२. गटात नवा लेयर घेऊन कॅनव्हासचा उजवा अर्धा भाग, वरपासून खालपर्यंत आणि थेट कडेपर्यंत, काळ्याने भरावा. काळा रंग ग्रहाच्या कडेपाशी थांबवू नये, कारण ब्लर बाहेरची रिकामी जागा आत ओढतो आणि रात्रीच्या कडेवर करडी रेघ उमटते.

३. केंद्रावर मध्य येईल असे १,००० × २,००० पिक्सेलांचे लंबवर्तुळ निवडावे. कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तर तेवढा भाग काळ्यातून खोडावा; जास्त असेल तर तो काळ्याने भरावा. आपल्या ६० अंशांसाठी खोडायचा आहे.

४. निवड काढून टाकावी. निवड राहिली तर ब्लर तिच्या आतच अडकतो.

५. या लेयरची प्रत काढावी. एका प्रतीला ३५ ते ४० पिक्सेलांचा गॉशियन ब्लर द्यावा, ही रात्र. हवा नसलेल्या गोलासाठी १० ते १५ पिक्सेल पुरतात. दुसऱ्या प्रतीला २०० पिक्सेलांचा ब्लर द्यावा, ओपॅसिटी ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि ती प्रकाशाच्या दिशेने सुमारे १५० पिक्सेल सरकवावी. ही मावळतीकडे झुकणारी दुपार. दोन्हींचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरशी मिसळण्याची रीत) मल्टिप्लाय, म्हणजे खालचे गडद करणारा, असावा.

दोन प्रती लागण्याचे कारण असे की उजेड दोन्हीकडे सारखा उतरत नाही. सूर्य डोक्यावर असलेल्या जागेपासून सीमारेषेकडे येताना तो सावकाश घटतो आणि सीमारेषेवर मात्र झपाट्याने संपतो. एकाच ब्लरने हे दोन्ही साधत नाही.

प्रकाश तिरका हवा असल्यास सर्व छाया एकत्र फिरवावी. सावधान: फिरवण्याचा आस आपोआप लेयरमधील मजकुराच्या मध्यावर बसतो, ग्रहाच्या नव्हे. तो हाताने गाइडच्या छेदावर आणला नाही, तर टोके पुन्हा व्यासावरून घसरतात.

सर्व कडा सारख्या काळ्या करणारी इनर शॅडो देऊ नये. पौर्णिमेचा चंद्र आठवावा: त्याची कड मध्याइतकीच उजळ असते आणि थाळी सपाट भासते. रात्रीचा भाग उजळ करून तिथले तपशील दाखवण्याचाही मोह होतो. दिवसाच्या उजेडासाठी जुळवलेल्या छायाचित्रात रात्र जवळजवळ काळीच असते, आणि ती काळी सोडण्याचे धैर्य ठेवावे.

तपासणी: प्रकाशाच्या दिशेने केंद्रापासून ८७० पिक्सेलांवर सूर्य डोक्यावर आहे. पृष्ठभाग सर्वांत उजळ तिथे, म्हणजे कडेच्या जवळ असला पाहिजे. सर्वांत उजळ जागा थाळीच्या मध्यावर असेल, तर ६० अंशांचा हिशेब कुठेतरी बिघडला आहे.

टप्पा ६ : समुद्राची चमक आणि ढग

पाण्यावरची चमक सूर्य आणि पाहणारा यांच्या बरोबर मध्ये पडते. ६० अंशांचे निम्मे ३० अंश, आणि गोलावरचे ३० अंश म्हणजे केंद्रापासून त्रिज्येचा अर्धा भाग. म्हणून चमकीचा मध्य केंद्रापासून प्रकाशाकडे ५०० पिक्सेलांवर ठेवावा. मऊ ब्रशने फिकट पिवळसर पांढरा ठिपका द्यावा, ब्लेंड मोड स्क्रीन, म्हणजे खालचे उजळ करणारा, ठेवावा, आणि जपून ठेवलेल्या नकाशाने जमिनीवरचा भाग झाकावा. सूर्याच्या अगदी डोक्यावरच्या जागी चमक ठेवणे ही नेहमीची चूक आहे.

ढगांसाठी नुसता क्लाउड्स फिल्टर वापरल्यास धूर दिसतो. ढग अक्षवृत्तांना समांतर पट्ट्यांत ओढलेले असतात आणि अधूनमधून त्यांत भोवरे असतात. म्हणून सपाट अवस्थेतच नमुना आडवा ताणावा, लिक्विफायने वाकवावा, दोन-चार ठिकाणी ट्वर्ल द्यावे, आणि मोठे भाग पूर्ण मोकळे ठेवावेत. मग पोताप्रमाणेच त्याला स्फेराइज लावून स्क्रीन मोडमध्ये बसवावे.

ढगांची सावली म्हणजे त्याच लेयरची काळी, मल्टिप्लाय मोडमधील प्रत, ढगांच्या खाली. ती प्रकाशाच्या विरुद्ध दिशेला दोनच पिक्सेल सरकवावी. सीमारेषेजवळ सूर्य खाली असल्याने तेवढ्या पट्ट्यात चार-पाच पिक्सेल चालतात. सावली दहा-पंधरा पिक्सेलांवर गेली की ढग शंभर किलोमीटर उंचीवर तरंगू लागतात आणि ग्रह क्षणात लहान होतो.

टप्पा ७ : वातावरण

आउटर ग्लो ही लेयर स्टाइल येथे बंद ठेवावी. ती चारी बाजूंनी सारखी आभा देते, आणि रात्रीच्या कडेला तशी आभा असण्याचे कारण नाही.

बाहेरच्या आभेसाठी ग्रहाचे वर्तुळ १६ पिक्सेलांनी वाढवून फिकट निळ्याने भरावे, ५ ते ६ पिक्सेलांचा ब्लर द्यावा आणि ते पृष्ठभागाच्या खाली ठेवावे. मग मास्कमध्ये ग्रेडियंट ओढून आभा उजळ बाजूला पूर्ण, सीमारेषेच्या टोकांपाशी विरळ आणि त्यांच्या किंचित पुढे शून्य करावी. संधिप्रकाशामुळे ती टोकांच्या थोडी पलीकडे जाणे स्वाभाविक आहे.

आतली धूसरता मात्र अधिक रुंद चालते. कडेजवळ आपली नजर हवेतून तिरकी, लांब अंतर कापत जाते, त्यामुळे तिथे पृष्ठभागाचे रंग निळसर आणि फिके होतात. उजळ कडेपासून आत ८० ते १०० पिक्सेलांपर्यंत स्क्रीन मोडमध्ये २० ते ३० टक्क्यांची धूसरता पुरेशी आहे. सीमारेषेवर तांबूस छटेची अगदी अरुंद पट्टी दिल्यास हवेचे अस्तित्व पटते, परंतु ती शोधल्यावर दिसावी, इतपतच ठेवावी.

टप्पा ८ : आकाश आणि शेवटची जुळवणी

चंद्रावरून काढलेल्या अपोलो मोहिमांच्या छायाचित्रांत काळ्या आकाशात तारे दिसत नाहीत, कारण उन्हासाठी जुळवलेल्या कॅमेऱ्यात ताऱ्यांचा मंद उजेड उतरत नाही. तारे हवेच असतील तर ते थोडे, एक-दोन पिक्सेलांचे आणि मंद ठेवावेत, आणि ग्रहाच्या रात्रीच्या भागात एकही तारा दिसू नये. तो भाग रिकामा नाही, तिथे ग्रह आहे.

ग्रहाच्या मास्कच्या कडेला अर्ध्या ते पाऊण पिक्सेलाचा ब्लर द्यावा, नाहीतर कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. सर्वांत वर ५० टक्के करड्या रंगाचा ओव्हरले लेयर घेऊन त्यात एक-दोन टक्के, एकरंगी नॉइज द्यावा. ग्रह, ढग आणि आभा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असतात. सर्वांवर सारखा दाणा बसला की ते एका कॅमेऱ्याने टिपलेले वाटतात.

शेवटी चित्र २५ टक्क्यांवर आणून पाहावे आणि मग आडवे उलटवून पाहावे. सवयीने झाकलेल्या चुका उलटवल्यावर दिसतात. त्यानंतर १०० टक्क्यांवर येऊन सीमारेषेची टोके, सर्वांत उजळ जागा, चमकीची जागा, ढगांच्या सावल्यांची दिशा आणि आभेची जाडी या पाच गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. टोके चुकली असतील तर बाकीचे चार दोष सुधारण्यापूर्वी टप्पा ५ पुन्हा करावा. आठ बिटमध्ये रूपांतर करायचे ते सर्व झाल्यावर, मूळ फाइलच्या प्रतीवर.